कुंभाराचे गाढव

जुनी मोटरगाडी बाळगणाऱ्या गृहस्थास दोन प्रश्न वारंवार पडतात. गाडी का चालत नाही हा पहिला. आणि काल जी चालत नव्हती ती आज का चालते, हा दुसरा. पहिला प्रश्न त्यास मिस्त्रीच्या दारी नेतो. दुसऱ्याच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. चालती गाडी उभी करून विचार करीत बसण्याची हौस कोणास असणार? आम्हीही अनेक वर्षे पहिल्यावरच समाधान मानले. पुढे एका प्रसंगाने असे ध्यानात आले की दुसरा प्रश्न चुकविणारा मनुष्य पहिल्याचेही उत्तर चुकीचे देतो, आणि ही सवय गाडीपुरती राहत नाही. दोष कोठे आहे हे ठरविण्याचे काम ज्यांस नोकरीत रोज करावे लागते त्या आमच्या वाचकांपुढे तो प्रसंग मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी थोडे यंत्रशास्त्र मात्र सोसावे लागेल.

आमची गाडी अ‍ॅम्बॅसडर होती. बदली होऊन कलकत्त्यास आलेल्या माणसाने, निदान त्या काळी, दुसरी कोणती घ्यावी? हिंदुस्थान मोटर्सचा उद्योग १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदरी सुरू झाला आणि १९४८ मध्ये कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास आला. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून तेथे १९५७ पासून अ‍ॅम्बॅसडर तयार होऊ लागली, ती मे २०१४ पर्यंत होत राहिली. मंत्र्याची पांढरी गाडी आणि हावडा स्टेशनावरची पिवळी टॅक्सी यांचा सांगाडा एकच, ही समता आपल्या लोकशाहीत दुसऱ्या कोणत्या वस्तूने साधली असेल असे आम्हांस वाटत नाही. आमची गाडी आमच्या हाती आली तेव्हाच तिला दोन मालक होऊन गेले होते.

तिच्यावर एस. यू. जातीचा कार्ब्युरेटर होता. कार्ब्युरेटरचे काम सांगावयास सोपे आहे. वजनाने सुमारे १५ भाग हवेत १ भाग पेट्रोल मिसळले की ते मिश्रण सिलिंडरात नीट जळते. पेट्रोल अधिक झाले तर सायलेन्सरातून काळा धूर निघतो आणि प्लगांवर काजळी धरते. कमी झाले तर गाडी गचके खाते आणि मधूनच शिंकते. गाडी उभी असो की चढणीवर असो, हे प्रमाण सांभाळावयाचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेत स्किनर नावाच्या बंधूंनी त्यासाठी अशी युक्ती काढली की इंजिन जेवढा श्वास घेईल तेवढा एक दट्ट्या आपोआप वर उचलला जावा, आणि त्याला जोडलेली निमुळती सुई त्याच मानाने पेट्रोलची वाट मोकळी करावी. स्किनर घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा. त्यामुळे पहिल्या कार्ब्युरेटरांत दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता. मनुष्य शोध लावतो तोही आपल्या घरच्या मालातून.

या कार्ब्युरेटरच्या अंगाला एक लहानशी खीळ असते. इंजिन संथ चालू असता ती बोटाने अगदी किंचित, एक मिलिमीटरहूनही कमी, वर दाबावयाची. दट्ट्या तेवढाच उचलला जातो. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर आहे. वाढला तो वाढलेलाच राहिला तर पेट्रोल अधिक आहे. इंजिन दबले किंवा बंद पडले तर पेट्रोल कमी आहे. इतका नम्र प्रश्न आणि इतके सरळ उत्तर आम्ही कोणत्याही कचेरीत पाहिलेले नाही.

तरीही जगात सर्वांत अधिक खोटे आरोप कार्ब्युरेटरवर होतात. जुन्या मिस्त्र्यांत असे म्हणतात की कार्ब्युरेटरचे दहांतले नऊ आजार विजेचे असतात. याचे कारण आमच्या मते असे की कार्ब्युरेटर इंजिनाच्या वरच्या अंगास, हाताशी असतो, आणि त्याला फिरविता येण्याजोगे स्क्रू असतात. पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत की काय हे पाहावयास इंजिन उघडावे लागते. स्क्रू फिरवावयास पेचकस पुरतो. जेथे आपला हात पोहोचतो तेथेच दोष आहे असे मानण्याकडे मनाचा ओढा असतो.

आम्हांस हा धडा पहिल्यांदा मिळाला तो १९८२ च्या उन्हाळ्यात. गाडी हावड्याच्या पुलावर पोहोचली की गचके खाऊन बंद पडे. दोन ठिकाणी कार्ब्युरेटर खोलून साफ करून घेतला. दोन्ही वेळा गाडी उत्तम चालू लागली, आणि दोन्ही वेळा चार-सहा दिवसांत पुन्हा पुलावर उभी राहिली. अखेर एका स्नेह्यांनी मल्लिक बाजाराजवळच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे पाठविले. मोटारींचे सुटे भाग, नवे, जुने आणि कोणत्या गाडीचे हे विचारू नये असे, मिळण्याचे हे कलकत्त्यातले प्रसिद्ध ठिकाण. मिस्त्रीने कार्ब्युरेटरला हात लावला नाही. त्याने आधी प्लग काढून त्यांचे रंग पाहिले. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटांमधील फट मोजली. मग गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवून तापविली आणि ठिणगी पाहिली. ठिणगी पिवळी आणि मरगळलेली होती. कंडेन्सर गरम झाला की बिघडत होता, आणि थंड झाला की सुधारत होता. कार्ब्युरेटर खोलून साफ करावयास तास-दीड तास लागे, तेवढ्यात इंजिन निवे. गाडी चाले ती निवल्यामुळे, आणि श्रेय मिळे सफाईस.

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास, हे आपण लहानपणापासून म्हणतो. पण म्हणीने शहाणपण आले असते तर त्या दोन ठिकाणी आमचे पैसे गेले नसते. मल्लिक बाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचे जुने नाव लोअर सर्क्युलर रोड, आताचे आचार्य जगदीशचंद्र बसू रस्ता. या सर्क्युलर रोडचा आणि आम्हां मराठ्यांचा एक जुना संबंध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा, १७४२ साली, भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही. आणि मराठे कलकत्त्यावर आलेही नाहीत. पुढे त्या शतकाच्या अखेरीस त्याचा बराच भाग बुजवून त्या रेषेने सर्क्युलर रोड झाला. खंदक पुरा झाला असता तर शहर खंदकाने वाचविले असे आजवर शाळेतून शिकविले गेले असते. अर्धी बाजू उघडी राहिली म्हणूनच त्याचे श्रेय त्यास देता येत नाही. सुदैवाने तेथे खणणाऱ्यांचा उत्साह संपला, आणि इतिहासास एक पुरावा मिळाला.

या प्रकारच्या पुराव्याला आपल्या शास्त्रांत व्यतिरेक म्हणतात. कारण असता कार्य होते, हा अन्वय. कारण नसता कार्य होत नाही, हा व्यतिरेक. दोन्ही मिळाल्याखेरीज कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्या हुगळीच्या काठी उत्तरपाड्याचा कारखाना उभा राहिला तिच्याच वरच्या अंगाला नवद्वीप आहे. तेथील नैयायिकांनी या विषयाचा जेवढा कीस काढला तेवढा क्वचितच कोणी काढला असेल. बंगालच्या विश्वनाथ न्यायपंचाननाच्या 'भाषापरिच्छेद' ग्रंथात, कार्यापूर्वी हजर असूनही जे कार्याचे कारण नव्हे अशा गोष्टींची गणना आहे. त्यांस अन्यथासिद्ध म्हणतात. तेथे मडक्याचे उदाहरण येते. मडक्यापूर्वी कुंभार असतो, चाक असते, दांडा असतो. आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. परंतु गाढव हे मडक्याचे कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. गाढव रोज दारी उभे दिसते, एवढेच. आमच्या गाडीच्या बाबतीत कार्ब्युरेटरची सफाई हे ते गाढव होते.

हे सारे आम्हांस तेव्हाच कळले असे नाही. पण मिस्त्रीने जे शिकविले ते आम्ही मन लावून शिकलो. एका वेळी एकच गोष्ट हलवावयाची. जेटखालची षटकोनी नट फिरवावयाची तर एका खेपेस एकच पैलू, आणि फिरविण्यापूर्वी ती कोठे होती त्याची खूण ठेवावयाची, म्हणजे चूक झाली तर मागे येता येते. आणि सर्व पाहून झाल्याशिवाय कार्ब्युरेटरला दोष द्यावयाचा नाही. पुढे स्नेह्यांच्या मंडळात कोणी कार्ब्युरेटरचे नाव काढले की आम्ही हसून म्हणत असू, 'दहांतले नऊ आजार विजेचे असतात हो!' या वाक्याचा आम्हांस थोडा गर्वच झाला होता. येथपर्यंत कथा सुखाची आहे.

१९८४ च्या पावसाळ्यात गाडी फार पेट्रोल पिऊ लागली. लिटरमागे नऊ किलोमीटर चालणारी गाडी सहावर आली. गाडी चालवावयास आमच्याकडे तीन वर्षे एक मनुष्य होता, छपऱ्याकडचा. मुलांना शाळेत नेणे-आणणे, बाजारहाट, सारे त्याच्याकडे. त्यास लिहिता येत नसे. दर महिन्यास घरी पाठवावयाच्या मनीऑर्डरीचा अर्ज आम्हीच भरून देत असू. पेट्रोलचा हिशेब चुकू लागला तसे आम्ही बारकाईने पाहू लागलो, आणि पाहू लागल्यावर पुरावा मिळू लागला. गाडीखान्यात पेट्रोलचा वास येई. कोपऱ्यात एक रिकामा डबा सापडला. त्याच महिन्यात त्याने नेहमीपेक्षा पन्नास रुपये अधिक पाठविले होते. तो आकडा आमच्याच हस्ताक्षरात होता. आम्ही त्यास समोर उभे करून विचारले. तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहब, एक बार गाडी दिखवा लीजिए. कारबोरेटर में कुछ होगा."

आम्हांस हसू आले, हे येथे लिहून ठेवणे भाग आहे. जगातला प्रत्येक मनुष्य कार्ब्युरेटरवर खापर फोडतो, आणि दहांतल्या नऊ वेळा ते खोटे असते, हे आम्ही शिकलेलो नव्हतो काय? त्याचे ते म्हणणे आम्ही पळवाट मानली. दुसऱ्या दिवशी त्याचा त्या दिवसापर्यंतचा पगार करून त्यास रजा दिली.

पुढचा महिना आम्ही स्वतः गाडी चालविली. लिटरमागे सहा किलोमीटर. प्रथम वाटले की गर्दीच्या रस्त्यांमुळे असेल; मग वाटले की आमचे चालविणेच वाईट. तिसऱ्या आठवड्यात, पाऊस थांबला असता, गाडी चालू ठेवून आम्ही सहज खाली वाकून पाहिले, तो कोरड्या फरशीवर पेट्रोलचे थेंब एकापाठोपाठ एक पडत होते. मल्लिक बाजारच्या मिस्त्रीने या वेळी प्रथमच कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल एका लहानशा टाकीत येते. ती भरली की फ्लोट वर येऊन एका सुईने वाट बंद करतो. त्या सुईच्या निमुळत्या टोकावर घासून घासून बारीक वळ पडला होता. मिस्त्रीने झाकण उलटे धरून, सुई आपल्या जागी बसलेली असताना, पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकर मारली. हवा निसटत होती. टाकी भरूनही पेट्रोल येतच राही, काही इंजिनात जाई, उरलेले जादा पेट्रोलच्या नळीवाटे रस्त्यावर पडे. पावसाळी कलकत्त्यात रस्त्यावरचे थेंब कोण पाहणार? गाडीखान्यातला वास तोच. प्लग काढून पाहिले असते तर काजळी दिसली असती; पण प्लग आम्ही काढलेच नव्हते. आमची चौकशी गाडीची नव्हतीच.

आता प्रश्न असा आहे की आमचे चुकले ते नेमके कोठे? आम्ही हा प्रश्न त्यानंतर अनेकांस विचारला. बहुतेकांनी सांगितले, तुमचा काय दोष, पुरावाच तसा होता. असल्या चोऱ्या होत नाहीत की काय? होतात. म्हणूनच हे उत्तर आम्हांस पुरत नाही. नैयायिक म्हणतात की पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते. परंतु अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असतो आणि धूर नसतो. इंधन ओले असेल तरच धूर होतो. या आडून येणाऱ्या अटीस ते उपाधी म्हणतात. चोरी झाली तर पेट्रोल कमी पडते, हे खरे. पेट्रोल कमी पडले म्हणून चोरी झाली, हे उलटे अनुमान. त्याच्या आड एक सुई दडलेली होती. आणि ज्यास आम्ही पुरावा म्हणत होतो त्यातला वास दोन्ही पक्षांस सारखाच लागू होता, डबा कोणत्याही गाडीखान्यात सापडतो, आणि पन्नास रुपयांविषयी तर आम्ही त्यास विचारलेही नव्हते.

पण तर्क चुकणे हा गुन्हा नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हीही ते मान्य करू. संशय येणे आमच्या हाती नव्हते. तपासणे मात्र हाती होते, आणि त्यास एक रविवार आणि एक जुने वर्तमानपत्र पुरले असते. वर्तमानपत्र गाडीखाली पसरावयाचे, बस्स. ते आम्ही केले नाही, कारण आम्हांस उत्तर आधीच मिळाले होते, आणि ते अशा ठिकाणी मिळाले होते की जेथे हात सहज पोहोचतो. भारताच्या राज्यघटनेचे ३११ वे कलम आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून आम्हांस कोणी सेवेतून काढू शकत नाही. आणि त्या कलमाची महती आम्ही स्वतः एका सहकाऱ्याच्या प्रकरणी तावातावाने सांगितली होती. आमच्या गाडीखान्यात ते कलम लागू नव्हते. तेथे आरोप करणारे, चौकशी करणारे आणि शिक्षा देणारे आम्ही एकच होतो.

याहून बोचणारी गोष्ट दुसरी आहे. आमच्याजवळ ज्ञान नव्हते असे नाही. होते, आणि त्यानेच घात केला. दहांतले नऊ आजार विजेचे असतात, हे वाक्य खरे आहे, आजही खरे आहे. परंतु समोर उभी असलेली गाडी ही त्या नवांतली की उरलेली एक, हे ते वाक्य सांगू शकत नाही. जो नियम आम्ही एका निर्दोष भागास खोट्या आरोपातून सोडविताना शिकलो, त्याच नियमाने आम्ही एका निर्दोष माणसाचे म्हणणे बाजूस सारले. कलकत्त्याची गाडी दार्जिलिंगला नेली की सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत तिचे मिश्रण घट्ट होऊन काळा धूर येऊ लागतो, आणि हलक्या हाताचा मिस्त्री तेथेही स्क्रू फिरवितो. वस्तुतः कार्ब्युरेटर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. अलीकडे पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या गाड्यांची उलटी तक्रार असते. नियम एका हवेतला, प्रसंग दुसऱ्या हवेतला. परमुलखात नोकरी केलेल्या माणसास हे अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि व्यतिरेक? तो तर आम्ही केलाच. मनुष्य काढून पाहिला, आणि कार्य तसेच राहिले. म्हणजे तो कारण नव्हता. न्यायशास्त्राच्या दृष्टीने पुरावा निर्दोष. प्लग काढून पाहता येतो आणि परत बसविता येतो. षटकोनी नट एक पैलू मागे घेता येते. माणसास काढून पाहिले तर ती शिक्षाच होते, आणि त्याचे निरपराधित्व आम्हांस कळले ते त्या शिक्षेतूनच. यंत्राला विचारण्याची ती नम्र खीळ माणसास नसते. आपली परीक्षा चालली आहे हे त्यास समजते. म्हणून तर आधी गाडीखाली कागद पसरावा लागतो. गाढव हा शब्द आम्ही शास्त्रातून घेतला आहे; या प्रकरणी तो कोणास लागू पडतो हे वाचकांनी ठरवावे.

सुई बदलावयास मिस्त्रीने बारा रुपये घेतले. गाडी पुन्हा नऊवर आली. त्याच्या गावचा पत्ता आमच्याजवळ होता; तीन वर्षे तो आम्हीच लिहीत आलो होतो. परत यावे असे पत्र आम्ही पाठविले, त्याचे उत्तर आले नाही; कोणाकडून वाचून घेतले असेल की नाही, कोण जाणे. मग दोन महिन्यांच्या पगाराची मनीऑर्डर करावयास गेलो. अर्जाच्या खाली, पैसे घेणाऱ्यास चार शब्द लिहावयास तेव्हा जागा असे. तेथे आम्ही बराच वेळ लेखणी धरून उभे राहिलो. मागे रांग होती. पोस्टमन ते शब्द त्यास साऱ्या गावासमोर वाचून दाखवील, हा विचार मनात आला; आमच्याविषयीचा होता की त्याच्याविषयीचा, हे अद्याप आम्हांस सांगता येत नाही. शेवटी आम्ही लिहिले, 'बाकी पगार.' तीन आठवड्यांनी पोचपावती परत आली, तिच्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा होता.